अकरा जणांचं गाठोडं

“मुंबईला जाताय ना? मग एवढं न्या,” असं म्हणून गंगुबाईनं गाठोडं थेट वैमानिकाच्या हातात दिलं.

मुंबईला निघालेल्या माणसाची कोकणात यातून सुटका नसते. शेजारी असो, एसटीचा ड्रायव्हर असो, नाही म्हणायची सोय नाही. आता वैमानिकही सापडला, एवढंच. पूल वाहून गेल्यामुळे चार दिवस एसटी बंद होती आणि गणेशचतुर्थी परवावर आली होती. रत्नागिरीच्या उघड्या, कातळी सड्यावरच्या धावपट्टीवर, जिथे एरवी गुरं बसतात, तिथे पुलाची पाहणी करायला आलेल्या साहेबांचं छोटं विमान उभं होतं. गंगुबाई दोन कोस चिखल तुडवत आली होती, ती गाठोडं परत न्यायला नव्हे.

वैमानिक तरुण होता आणि मराठी होता, त्यामुळे त्याची जास्तच पंचाईत झाली.

“आजी, विमान लहान, पट्टी आखूड. सगळं वजन करूनच न्यावं लागतं.”

“मग करा की.”

धावपट्टीचा राखणदार काशीराम याने मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यातून काटा आणून ठेवला होता. मघाशी साहेब त्याच्यावर निमूटपणे उभे राहिले होते. साहेबांच्या बाईंनी मात्र “साठ” असं तोंडीच सांगून टाकलं होतं, आणि वैमानिकाने त्यांच्याकडे एकदा बघून कागदावर गुपचूप पंचाहत्तर लिहिलं होतं. गाठोडं आठ किलो भरलं.

“दोन किलो चालतील,” वैमानिक म्हणाला. “त्याच्यावर नाही.”

गंगुबाई काट्याशेजारी फतकल मारून बसली आणि तिने गाठ सोडली. नारळ, गूळ, मोदकांची पिठी, घरचे तांदूळ.

“कुणाला पाठवताय?” साहेबांनी विचारलं.

“माज्या बाळाला. गिरनीत हाय. संप चाललाय न्हवं? यंदा गनपतीला येत नाय म्हनून लिवलंय त्येनं. बाकी मजेत हाय म्हनतो. मजेत असता तर चार ओळींत पत्र आटोपलं असतं काय त्येनं?”

“एकट्याला दोन किलो पुष्कळ झालं की.”

“एकटा कुटं, सायेब? लालबागला आमच्या गावाची खोली हाय. अकरा पोरं ऱ्हातात. अकराच्या अकरा बसून हायत. एकट्याला कसं धाडू?”

तिने आधी नारळ बाजूला काढले.

“नारळ काय, तिथंही मिळतात,” वैमानिक समजुतीने म्हणाला.

“मिळतात. इकत.”

मग तांदूळ निघाले. पिठी तिने मुठीमुठीने मोजली, ओठातल्या ओठात अकरापर्यंत आकडे म्हणत. पोरामागे एक तरी मोदक व्हायला हवा होता. काशीरामने पुन्हा काट्यावर ठेवलं. तीन किलो भरलं. तिने गुळाची ढेप उचलली, परत ठेवली. पिठी काढली, तीही परत ठेवली. दोन्हींवाचून मोदक होत नाहीत. तिला रडू आलं, आणि परक्या माणसांसमोर रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. पदराने तिने नाक खसकन पुसलं.

“काशीराम,” साहेब म्हणाले, “माझं फायलींचं बोचकं उतरव.”

“सायेब, पुलाच्या हायत त्या.”

“नकाशा आणि वरची एक फाईल मला दे. काम तेवढ्यावर होईल. बाकीच्यांची मुंबईत कुणी वाट बघत नाही.”

“मग त्या धाडू कशा?”

“एसटीने.”

“एसटी तर...” काशीरामने पुलाच्या दिशेने बोट दाखवलं. “पूल झाल्याबिगर चालू व्हायची नाय, सायेब.”

आधी बाई हसल्या, मग साहेब. “मग पूल झाल्यावर धाड.”

बोचकं नऊ किलोचं निघालं. गंगुबाईने नारळ, तांदूळ, सगळं परत भरलं आणि सुटू नये म्हणून गाठीवर गाठ मारली. वैमानिकाने खोलीचा पत्ता लिहून घेतला आणि गाठोडं संध्याकाळी स्वतः नेऊन देईन म्हणाला. तिने त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तो लाजला.

विमान धावलं, उठलं आणि समुद्राकडे वळलं. ते दिसेनासं झालं तरी गंगुबाई कपाळावर आडवा हात धरून उभीच होती.

“काशीराम, किती येळ लागंल रं त्येला?”

“एक तास, काकी.”

“एक तास?”

ती पुन्हा आभाळाकडे बघायला लागली.

“इतकी जवळ हाय मुंबई?”