दादाचा सैनिक

जगाचा अंत झाल्यावर उरलेलं पडकं शहर दादाने पुठ्ठा आणि थर्माकोलमधून उभं केलं होतं. बोटभर उंचीचे सैनिक रंगवून दर रविवारी तो, मी आणि त्याचे दोन मित्र त्यात लढाई खेळायचो. ज्याचा सैनिक मेला तो कायमचा बाद, हा नियमही त्याचाच.

दादा गेल्यावर त्याच्या चष्मेवाल्या सैनिकाचे फासे मी टाकू लागलो. पण त्याच्यावर गोळी झाडायला कोणी धजेना.

शेवटी एक मित्र हळूच म्हणाला, "असं किती दिवस ताणायचं? आज संपवू या."

आईला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तरी दारातूनच म्हणाली, "आजच्या दिवस राहू दे रे त्याला."



दवाखान्यात मशीन बंद करायच्या आधी तिने डॉक्टरांकडेही एवढंच मागितलं होतं.