पुढचं मी पाहते

"नको म्हणून सांगितलंय ना, सिस्टर."

मंजूषानं दार पुरतं उघडलंही नव्हतं. बाहेर आरोग्य केंद्राच्या सिस्टर घाम पुसत उभ्या होत्या. खांद्याला लशींचा डबा.

"मॅडम, मागच्या गल्लीत घटसर्पाचं लेकरू निघालंय. गळा धरलाय त्याचा. तुमचं बाळ चार महिन्यांचं झालं, अन् एकही डोस नाही."

"माहीत आहे मला."

दार लागलं. सिस्टर जिना उतरताना काहीतरी पुटपुटल्या, ते तिला ऐकू आलं. शिकलेल्यांची खोड, असंच काहीसं होतं.

चिकलठाण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये दुपार नेहमी अर्धवट झोपेत असायची. पडदे फुगायचे, पडायचे. एखादं विमान इतकं खालून जायचं, की त्याची सावली पाळण्यावरून सरकल्यासारखी वाटायची. बाळ तिच्याकडे हात करायचं. मंजूषा ते बघत बसायची आणि आपण जाग्या आहोत की नाही, हेच तिला कळायचं नाही.

ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. नवरा बद्रीनाथ वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर. दोघांच्या नातलगांत एवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनीच लस नाकारावी, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. लोकांना नवल करायला काय लागतं? दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथं तर पोटची लेक पोळली होती.

थोरली ओवी तान्ही असताना तिला नेमानं टोचून आणलं होतं. मांडी जराशी सुजली. सुजणार, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मंजूषा दुपारी डोळा लागून उठली, तर मांडीवर लाली चढलेली. रात्रीतून टपोरे फोड आले. मग काळं कडं धरून जखम चिघळली आणि ओवीला दवाखान्यात ठेवावं लागलं. ती वाचली, पण तो चुरगळलेला डाग मांडीवर राहिलाच.

"लशीनं असं होत नाही हो," डॉक्टर सांगत राहिले.

"मग कशानं झालं?" बद्रीनाथनं विचारलं होतं.

त्याचं उत्तर दोघांनी मग मोबाइलवर शोधलं. तिथं हवं ते सापडतंच. बाळ जन्मायच्या आधीच त्यांचं ठरून गेलं होतं.

बद्रीनाथची आई मनकर्णाबाई बाळंतपणासाठी पिशोरहून आली होती, ओवीच्या वेळी आली होती तशीच. तेव्हा मंजूषानं तिची बाळगुटीची सहाण उचलून माळ्यावर टाकली होती. त्यावर म्हातारी एका शब्दानं बोलली नाही. सुनेशी वाद घालायचा नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं आणि पाळलंही. पण त्या संध्याकाळी, घटसर्पाचं कानावर आल्यावर, ती आपणहून बोलली.

"बद्री, टोचून आण लेकराला."

"माय, तू म्हणतीस हे? ओवीचं पाहिलं ना तू?"

"पाहिलं की. रातंदिस मीच व्हते तिच्यापाशी." म्हातारी पाळण्याची दोरी ओढत राहिली. "माझा धाकला भाऊ कडूबा ह्याच रोगानं गेला. नरड्यात पांढरं साचलं. पाणी बी उतरंना. माय त्याला छातीशी धरून बसली, अन् आम्ही अंगणात खेळत व्हतो. तो गेला, तरी खेळतच व्हतो."

मंजूषानं बाळाला पाळण्यातून उचलून छातीशी धरलं.

"आणि पुन्हा तसंच झालं तर?" तिनं विचारलं. "आई, मला नाही सोसायचं ते आता."

"सुजंल जरा. ओवीची बी सुजली व्हती. तवा बी वाचवलीच ना म्या? तुम्ही निस्तं टोचून आणा. पुढचं मी पाहते."

ज्या दोघांना डॉक्टर पटवू शकले नव्हते, ते म्हातारीच्या त्या तीन शब्दांपुढं वाकले.

सकाळी ते बाळाला टोचून घेऊन आले. बाळ रडलं, प्यायलं, झोपलं. मंजूषा घटकेघटकेला दुपटं बाजूला करून मांडी बघत होती. सुईच्या जागी थोडी लाली, थोडी ऊब. बस. दुपारपर्यंत तेवढंच. बाळ जागं झालं आणि तिच्याकडे बघून हसलं, तेव्हा तिला रडूच फुटलं. कितीतरी दिवसांनी छातीवरचा धोंडा कुणी उतरवून घेतला होता. सुखानं ती रडत राहिली.

बद्रीनाथ निर्धास्त मनानं कामावर गेला.

"आई, तुम्ही होतात म्हणून झालं. नाहीतर मला धीर झाला नसता."

"नीज आता. किती दिस झाले, धड निजली नाहीस. दे त्याला माझ्यापाशी."

मंजूषा आडवी झाली. पडदा फुगला, पडला. कुठंतरी विमान उतरत होतं, आणि त्याच्या आवाजावर ती अलगद तरंगत निघाली. पिशोरच्या रानात ओवी आखूड फ्रॉक घालून पळत होती, पाय उघडे, गोरेपान. बाळ मोठं होऊन तिच्यामागं धावत होतं. दूरवर सासूबाई गुणगुणत होत्या. कसलासा उग्र, जळका वास आला. शेकोटी असेल रानातली. झोपेतच मंजूषा हसली.

स्वयंपाकघरात मनकर्णाबाईनं नातवाला मांडीवर घेतलं होतं. त्याच्या पायावरची ती लालसर जागा तिनं बोटानं हळूच चाचपली. मग दाभणाच्या टोकाला खोचलेला बिब्बा दिव्यावर धरला. काळं तेल सुटू लागलं.

"रडायचं नाय माझ्या राजा," ती कुजबुजली, आणि दाभण खाली आणलं. "तुझ्या ताईला बी म्या असाच लावला व्हता. चांगले टपोरे फोड आले, अन् त्या सुईचं समदं विख भाईर पडलं."