सतरा नंबरचं पाकीट

दादाने डब्यात हात घालून पाकीट उचललं. वर सतराचा आकडा होता. टेबलामागच्या त्याच्या बहिणीने चेहरा कोरा ठेवून वहीत खूण केली. मागे त्याच्याच तुकडीतला दाढीवाला दोस्त उभा होता, तोफेच्या आवाजाने एका कानाने बहिरा झालेला. त्याला बेचाळीस आलं. दोघे हसत बाहेर गेले.

पाकिटात खिशात ठेवायचं कार्ड होतं आणि एक चिठ्ठी, दोन्हींवर पाकिटावरचाच आकडा. चिठ्ठीवर फक्त फोन नंबर लिहून दाराबाहेरच्या पेटीत टाकायची. नावं कुठेच नव्हती, आणि पेटी फक्त फोन करणारेच उघडणार होते. सैन्यातून सुटलेल्या शंभर जणांपैकी पन्नासांना दर आठवड्याला फोन जाणार होता, पन्नासांना नाही. फोनने जीव वाचतो का, हे वर्षाअखेरीस कळणार होतं.

हा अभ्यास बहिणीचाच होता. तिच्या आलेखात दोन रेघा होत्या. आत्महत्यांची सर्वसामान्यांची रेघ सपाट चालली होती. माजी सैनिकांची तिच्या बरीच वर होती आणि सुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षात उभीच चढत होती. दादाला सुटून आठ महिने झाले होते.

सोडत निघाली. सतरा बिनफोनवाल्यांत आला, बेचाळीस फोनवाल्यांत.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने यादीतल्या या दोन्ही आकड्यांची अदलाबदल केली. बेचाळीसच का, याचंही कारण तिच्याकडे होतं. दाढीवाल्याला बायको होती, दोन मुली होत्या, आणि दुसऱ्या एका आलेखात लग्न झालेल्यांची रेघ खाली होती. सतराची वेळ तिने स्वतः लिहिली: मंगळवार, अकरा.

दर रविवारी ती दादाच्या खोलीवर जायची. फोनबद्दल विचारायचं नाही, हा नियम मात्र तिने पाळला. एकदा तो कॉफी घेऊन आला. उचललेला कप त्याने तिच्या हातात दिला आणि तिच्यापुढचा स्वतः घेतला.

"हे काय नवीन?"

"जुनंच आहे. आपण उचललेलं आपण ठेवायचं नाही, घात होतो. पहाऱ्याच्या चिठ्ठ्यासुद्धा आम्ही न उघडता बदलायचो. शिव्या घालायच्या तर दोस्ताच्या नशिबाला."

"एवढं शास्त्र शिकवलं तुला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणाली. तिचं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. ते थरथरत नव्हते.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, इस्पितळातून कळवण्यात आलं की एका माणसाने जीव दिला. खिशात कार्ड होतं, नंबर बेचाळीस.

ती न्हाणीघरात जाऊन रडली. त्या दोन मुलींसाठी रडली. पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, हेही तिला स्वतःपासून लपवता आलं नाही. दोस्त गेल्याचं दादाला दुसऱ्या कुणी सांगायच्या आत आपणच सांगावं, म्हणून ती तडक निघाली.

खोलीचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर दाढीवाला बसला होता. त्याच्या हातात दादाचे बूट होते.

"ताई, तुम्हालाच फोन लावत होतो," तो म्हणाला. बूट त्याने तिच्यापुढे केले.

अकरा वाजले. त्याच्या खिशात फोन वाजला. ऐकू कमी येत असल्याने त्याने सवयीने फोन उचलून स्पीकर लावला.

"नमस्कार. सतरा नंबर ना? कसा गेला हा आठवडा?"