केलेबची फेरी

"तुम्ही काहीतरी गाळलंत, सायलसबाबा," टॅमर म्हणाली. बोलतानाही तिच्या सुया थांबल्या नाहीत.

म्हाताऱ्या सायलसने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तो खिडकीपाशी बसून पेपर वाचून दाखवत होता. सरत्या वर्षाचा, १८४२ चा, आढावा आला होता, आणि इंग्लंडातल्या त्या डोंगरी खोऱ्यात, पेगीच्या स्वयंपाकघरात, सहा बायका मोजे विणता विणता जगाची खबर घेत होत्या. चीनशी तह झाला. हॅम्बुर्ग शहर चार दिवस जळत होतं. राणी पहिल्यांदाच आगगाडीत बसली.

"घाबरली असेल गं बिचारी!" मघाशी एकीने म्हटलं होतं.

"घाबरायला काय झालं? तिकीट थोडंच काढलं होतं तिने!" पेगीने उडवून लावलं होतं, आणि सगळ्या पोट धरून हसल्या होत्या. टॅमर तेवढी हसली नव्हती.

"काही गाळलं नाही मी," सायलस पुटपुटला.

"जानेवारी गाळलात. मला अक्षरं येत नसतील, महिने येतात."

आता कुणीच हसलं नाही. टॅमरचा नवरा केलेब काबूलला गेलेल्या पलटणीत होता. दीड वर्षात त्याचं पत्र नव्हतं. तेव्हापासून तिला एका जागी बसवत नसे. आत्ताही बाकीच्या पाचजणी चुलीभोवती बसल्या होत्या आणि ही कमरेला लोकरीचा गुंडा बांधून चुलीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत विणत होती. पेगीने तीनदा तिच्याकडे स्टूल सरकवलं, तीनदा तिने ते पायाने बाजूला सारलं.

सायलसने घसा साफ केला. जानेवारीच्या जेमतेम चार ओळी होत्या. जानेवारीत आपली फौज काबूल सोडून बर्फातून निघाली आणि खिंडीत कापली गेली. एकच माणूस घोड्यावरून आपल्या किल्ल्यापर्यंत पोचला. शत्रूच्या हाती लागलेले कैदी सप्टेंबरात सोडवून आणले. "आता त्या मुलखात आपलं कुणीही मागे राहिलेलं नाही."

"नावं वाचा."

"नावं दिलेली नाहीत, पोरी."

"हॅम्बुर्गच्या आगीला किती ओळी होत्या?"

सायलसला आणखी एकदा खोटं बोलता येईना. त्याने बोट ठेवून मोजलं. "बावीस."

"पुरे झालं वाचन," पेगी घाईघाईने म्हणाली. "मोज्यांच्या पोटऱ्या मोजायला घ्या. आज पाळी कुणाची?"

कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझी," टॅमर म्हणाली.

त्या खोऱ्यात मोज्याची पोटरी आकड्यांनी मोजत नसत, माणसांनी मोजत. वरच्या माळापासून खालच्या पुलापर्यंत घरामागून घर घ्यायचं, एका नावाला एक फेरी विणायची. पूल आला की पोटरी पुरी. सगळ्यांचे मोजे सारखे उतरत आणि सोमवारी येणाऱ्या व्यापाऱ्याला नाक मुरडायला जागा राहत नसे. कुणी वारलं की पुढच्या मोजणीत ते नाव यायचं नाही. म्हणणारी सरळ पुढच्या घरी जायची, ऐकणाऱ्या समजून घ्यायच्या. एप्रिलमध्ये पेगीने मोजताना केलेबचं नाव गाळलं होतं. टॅमरने हातातला अख्खा मोजा चुलीत भिरकावला होता. त्यानंतर कुणाचीही पाळी असो, केलेबचं नाव जरा मोठ्यानेच घेतलं जाई.

"माळावरचा जॉर्ज," टॅमरने सुरुवात केली. फेरी झाली. "जॉर्जची हॅना." फेरी झाली. चालता चालताच ती एकेक घर मागे टाकत गेली आणि शेवटी आपल्या दाराशी आली.

"टॅमर," ती म्हणाली. तीही फेरी झाली.

मग तिने पेगीचं स्टूल ओढलं आणि बसली. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. सायलसने पेपराची घडी घातली, मोडली, परत घातली.

"खालच्या घरचा विल्यम," टॅमर म्हणाली.

कुणी वर पाहिलं नाही. सुयांची टिकटिक तेवढी चालू राहिली. नावं घेत घेत मोजणी पुलाशी येऊन थांबली.

पेगीने सहाही मोजे सुयांसकट टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पाच अगदी सारखे होते. टॅमरचा एका फेरीने आखूड होता.

टॅमरने त्या पाच मोज्यांच्या फेऱ्या बोटाने मोजल्या.

"तुमचे वाढलेत," ती म्हणाली.

"वाढले नाहीत गं," पेगी म्हणाली. "तुझा कमी पडलाय."

टॅमरने आपला मोजा ओढून घेतला आणि विणायला लागली. केलेबची ती फेरी पुरी होईपर्यंत पाचहीजणी रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.