आभाळातली दारू

एकाहत्तर साली आष्टीच्या शाळेत मी नववीला शिकवत होतो. "प्रत्येक रेणूची लहर वेगळी. रेडिओ दुर्बिणीवर ती लहर पकडूनच ताऱ्यांमधल्या ढगात मिथाइल अल्कोहोल ओळखलं." पोरं पेंगत होती. मी प्रयोगशाळेतली बाटली उचलली. "म्हणजे हेच! आभाळात दारू सापडली, दारू!" वर्ग खदखदून हसला. दारात उभा असलेला शिपाई पुंजारामही हसला.

दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी होती आणि पुंजाराम दवाखान्यात. ते विष असतं, एवढंच मी वर्गात सांगितलं नव्हतं.

भर दुपारी त्याच्या खाटेशी बसलो. माझ्या आवाजाकडे तोंड वळवून तो म्हणाला, "सर, इतका अंधार पडला, मंग चांदण्या का दिसून न्हाई राह्यल्या?"