वाटून घेतलेला व्यायाम

सकाळी निनादच्या पोटऱ्या भरून आल्या आणि त्याला हायसं वाटलं. भांडून वाईला माहेरी गेलेली शाल्मली धावायला निघाली होती. लग्नात दोघांच्या मनगटात चिप बसवली, तेव्हापासून एकाचा व्यायाम दोघांच्याही अंगी लागायचा. धावणं तिचं, वजनं त्याची, अशी वाटणी होती. फोन ती उचलत नव्हती. पोटऱ्यांवरूनच काय ती खुशाली कळायची.

"पंधरा दिवस तू डंबेल्सना हात लावला नाहीस," आई म्हणाली. "तिच्या अंगात त्राण उरायचं नाही रे."

"नको उरू दे. मग येईल आपसूक," येरझारा घालत तो म्हणाला.

चहाचा कप उचलताना त्याचा दंड ठणकला. मग दुसराही. वाईला शाल्मली आता वजनंही स्वतःच उचलत होती.