सरावाची डावरी

"अठरा वर्षांनी आलीस, आणि तेही मला मार खायला बोलवायला?" डावरी म्हणाली. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे हसू ओठांच्या कडेनंच निसटलं.

ताई स्टुलावर बसली. शिवणकामाचं दुकान एवढंसं होतं. एक मशीन, एक टेबल आणि भिंतीला लागून नर्सच्या पांढऱ्या गणवेशांची रांग. इथं आत्ता दोन बॉक्सर बसल्यात, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नसता. एकीचे केस पांढरे व्हायला लागलेले, दुसरीला चष्मा.

ताईची अडचण सरळ होती. तिच्या लेकीची लढत बारा दिवसांवर आली होती आणि समोरची पोरगी डावखुरी होती. लेक तिच्याकडून दोनदा हरली होती. दुसऱ्यांदा रिंगमधून खाली उतरल्यावर म्हणाली होती, "आई, मी बघते एकीकडे आणि ठोसा येतो भलतीकडूनच." या खेपेला हरली तर ती हातमोजे खुंटीला टांगणार होती. तसं ती बोलली नव्हती, पण आईला कळायचं ते कळलं होतं. ताईच्या हाताखाली बावीस मुली शिकत होत्या. बावीसच्या बावीस उजव्या.

"डावखुऱ्यांशी लढायला मला तरी कुणी शिकवलं?" ताई म्हणाली. "तूच ना."

लाकडाच्या वखारीवरचा तो हॉल दोघींच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. फळ्यांच्या फटींतून भुसा वर यायचा आणि घामाला चिकटायचा. सर कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. तुझा डावा पाय तिच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेव. तिच्या डाव्या हातापासून लांब सरक. आता सरळ उजवा घाल. सांगायला सोपं होतं. पहिले सहा महिने दोघी एकमेकींचे पायच तुडवत होत्या. अंगठ्याची नखं काळीनिळी पडायची. मग एकाच बादलीत चार पाय बुडवून दोघी हसत बसायच्या. डावरीचा डावा हात दाराच्या कडीसारखा खटकन यायचा. सातव्या महिन्यात तो ताईला दिसायला लागला. आठव्या महिन्यात येण्याआधीच कळायला लागला.

तिसऱ्या वर्षी स्पर्धेच्या अंतिम लढतीत जी समोर आली, ती डावखुरी होती आणि तिनं आधीच्या तिघींना पाणी पाजलं होतं. ताईनं तिला दुसऱ्याच फेरीत बसवलं. पेपरात मथळा आला, 'डावखुऱ्यांची कर्दनकाळ'. ते कात्रण ताईकडे अजून होतं. त्या फोटोत डावरी नव्हती. ती रिंगखाली बादली आणि टॉवेल घेऊन उभी होती, आणि सगळ्यांत जास्त तिचाच घसा बसला होता.

"उद्या सहाला दुकान बंद करून येते," डावरी म्हणाली. "गुडघे कुरकुरतात, पण तुझ्या पोरीला बारा दिवस पुरेल एवढी आहे मी अजून."

ताईच्या छातीवरचा दगड उतरला. तेवढ्यात एक नर्स बाही आखूड करून घ्यायला आली. डावरीनं खडूनं खूण केली, जास्तीचं कापड कापलं, पावती लिहून दिली. ताई बघत होती. समोरच्याच्या हातांवर नजर ठेवायची सवय काही सुटलेली नव्हती.

नर्स गेली.

"कात्री उजव्या हातात?"

"डावखुऱ्यांची कात्री कुठं मिळते?"

"आणि पावती?"

डावरीनं तोंडातल्या टाचण्या एक एक काढून उशीत खोचल्या.

"मी डावखुरी नाहीये गं. कधीच नव्हते."

ताईला आधी हसूच आलं. मग ते ओसरलं. "तीन वर्षं?"

"तीन वर्षं. घरी दार डाव्यानं उघडायचं, भांडी डाव्यानं घासायची. आईला वाटलं पोरीला खूळ लागलं. सर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. एकदाच विसरले मी, आठवतं?"

ताईला आठवलं. एका संध्याकाळी डावरीचे पाय कसे कोण जाणे उलटे पडले, कुठून तरी उजवा हात आला आणि ताई जमिनीवर बसली. कानात किती तरी वेळ घंटा वाजत होती. सरांनी ताईची विचारपूस केली नव्हती. ते डावरीवरच खेकसले होते. डावरी नळापाशी रडत होती आणि तिची समजूत ताईनंच काढली होती. लागतं कधी कधी, त्यात काय एवढं.

तसा ठोसा ताईला त्याआधी कुणी मारला नव्हता. नंतरही नाही.

"तुला उजव्यानं खेळायचं नव्हतं?" ताईनं विचारलं.

"होतं की."

"मग?"

"तू तापानं घरी होतीस आणि मी नुकतीच आले होते, तेव्हाची गोष्ट. सरांनी आपल्या वजनाच्या सगळ्या मुलींना रांगेत उभं केलं. म्हणाले, संघात जागा एकच आहे आणि ती तुझी. बाकीच्यांनी उद्यापासून येऊ नका." डावरीनं चष्मा काढून पदराला पुसला. "आम्ही निघालो. तर मागून त्यांनी विचारलं, तुमच्यात कुणी डावखुरी आहे का. तशी एकही नव्हती. मला घरी जायचं नव्हतं गं. मी डावा हात वर केला."